निजलेल्या राज्यातला मुक्काम

रवि. ९ नोव्हें.
डोकं अजून तापलेलं आहे. प्रकाशभाऊजींनी आज त्यांचं सगळं आरमार ह्यांच्या राज्यात आणून ठेवलं. निळ्या ग्रहांच्या मधोमध त्यांची पिवळी जहाजं, जत्रेला आल्यासारखी. तिथून बाहेर पडायचं, हनीफभाईंचा ग्रह मारायचा, परत आत. आत त्यांना कोणी हात लावू शकत नाही. का, तर म्हणे हे बोटीवर आहेत!

हनीफभाई म्हणाले, "प्रकाश, अरे लाज वाटू दे जरा." भाऊजी म्हणतात, "लाज कसली? नियम हाय."

नियम आहे. ह्यांनीच घातलेला. तारे-ग्रहांचा हा पटावरचा खेळ ह्यांनी सिंगापूरहून आणला, खेळणारे चौघे: हे, ह्यांचे आतेभाऊ प्रकाश, हनीफभाई आणि त्यांचा धाकटा भाऊ मुनीर. चौघांची नोकरी बोटीवर, तेव्हा कोणी ना कोणी कायम बाहेर. म्हणून घरचा नियम: बोटीवर गेला त्याचं राज्य निजलं. त्याची जहाजं हलायची नाहीत, त्याच्या राज्यात लढाई नाही, तो परत येऊन बसेपर्यंत.

हे गेल्या साली गेले ते पेटीतून आले. राज्य तसंच निजलेलं. वर्षश्राद्ध झाल्यावर हनीफभाईंनीच म्हटलं होतं, डाव पुरा करूया, त्याला आवडलं असतं. मला पंच केलं. मी हो म्हटलं. दर रविवारी घरात आवाज तरी होईल, एवढंच मनात.

सोम. १०
पुस्तक काढलं. इंग्रजी, बारीक टाईप. चौघांतल्या एकानेही ते पुरतं वाचलेलं नाही. ह्यांनी सांगायचं, बाकीच्यांनी मानायचं. मी वाचलंय, डिक्शनरी मांडीवर घेऊन, हे शेवटच्या खेपेला बाहेर होते तेव्हा. आल्यावर चकित करायचं होतं. असो.

घोटाळा सापडला. जायच्या आधी ह्यांनी भाऊजींना मुक्कामाचा करार दिला होता. तुझी जहाजं माझ्या ग्रहांवर थांबू देत. करार मोडायचा तर ज्याने दिला त्याने, आपल्या पाळीला. आणि निजलेल्याला पाळीच नाही.

अहो, तुमचाही राग येतो कधीकधी. जो येईल त्याला मुक्काम. घरात तेच, खेळातही तेच.

गुरु. १३
फोन केला. "भाऊजी, पंच म्हणून सांगते. निजलेल्या राज्यात मुक्काम बंद."
"बरं वैनी. तुम्ही म्हणाल तसं."
एवढ्या लवकर बरं म्हणाले तेव्हाच कळायला हवं होतं.

रवि. १६
मुक्काम नाही, फेऱ्या! दर पाळीला एका निळ्या ग्रहावरून दुसऱ्या निळ्या ग्रहावर. "मी थांबलो कुठं? हलतोय की." मधूनच बाहेर झडप, हनीफभाईंचे आणखी दोन ग्रह गेले.

मी म्हटलं, ह्यांनी नियम केला तो बाहेर असलेल्या माणसाचं नुकसान होऊ नये म्हणून. तुम्हाला लपायला नाही.
त्यावर भाऊजी, अगदी शांतपणे: "मग तसं लिवा ना, वैनी. दादा परत येणार नाय असं नियमात लिवा. निळं राज्य मोकळं झालं की हनीफ येऊ दे माझ्या मागं. मी कुठं नाय म्हणतोय?"

चहा अर्धाच प्यायले होते दोघे. मी खेळावर चादर घातली आणि दार उघडून उभी राहिले. हनीफभाई मान खाली घालून गेले. भाऊजी चपला शोधत म्हणाले, "खेळ हाय हो वैनी."
हो. खेळच आहे. म्हणूनच तर निदान इथे तरी

सोम. १७
कालचं वाक्य पुरं करणार नाही.

मंगळ. १८
हनीफभाई आले, सोबत घरचे घावणे. म्हणाले, "भाभी, काढून टाका आपल्या दोस्ताला पटावरून. मी त्याच्या एका ग्रहाला हात लावणार नाय, शब्द देतो. फक्त प्रकाशला हाकलतो."
म्हटलं, शब्द नको. ह्यांच्या शब्दानेच हे झालंय.
एवढा मोठा माणूस, वीस-पंचवीस खलाशी ज्याच्या हाकेला धावायचे, माझ्यासमोर खुर्चीत कसनुसा बसून होता. उगाच टोचून बोलले. पण माफी मागितली नाही.

मुनीरचा बोटीवरून निरोप: "भाभी, नियम मोडू नका हां. माझं लाल राज्य पण निजलंय." त्याचंही खरं. एकासाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडला.

शनि. २२
पुस्तकात पान आहे, आधी नुसतं वाचून सोडलेलं. खेळाडू डाव अर्ध्यात सोडून उठला तर त्याच्या जागी दुसरा माणूस बसू शकतो. राज्य त्याचं, करार त्याचे, पाळी त्याची.

म्हणजे मी बसले तर राज्य जागं होतं. करार मोडता येतो. पण मग लढाईही लागू. पिवळं आरमार आधीच आत, आणि ह्यांनी जाताना राखणीला ठेवलीत फक्त तीन जहाजं. भाऊजींनी मनात आणलं तर एका पाळीत सगळं साफ. ह्यांनी इतक्या सुट्ट्या घालवून जमवलेलं. नाही बसले तर राज्य शाबूत, निजलेलं, आणि भाऊजी आत फेऱ्या मारणार.

"डाव अर्ध्यात सोडून उठला तर." असं कोण लिहितं?

रवि. २३
बसले. ह्यांच्या खुर्चीत.

हनीफभाई बघतच राहिले. "भाभी, मग पंच कोण?"
"मीच. नको असेल तर हे घ्या पुस्तक, वाचा."
कोणी घेतलं नाही.

पाळी माझी. म्हटलं, करार मोडला. तिन्ही जहाजं राजधानीवर आणली.
"वैनी, इचार केलात का? मी आत हाय. एक ग्रह ऱ्हायचा नाय तुमचा."
"केला. तुमची पाळी. निघा नाहीतर लढा. फेऱ्या बंद."
"दादा असता तर असं नसता वागला."
"नसतेच वागले. म्हणून तुम्ही आत आहात."

तर आता भाऊजी पडवीत जाऊन उभे आहेत आणि मी हे पटाशेजारीच बसून लिहिते आहे. हनीफभाई कुजबुजतात, घाबरला. मला नाही वाटत. ते जहाजं मोजतायत. ह्यांच्याबरोबर लहानपणी भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत खेळलेला माणूस आहे, काहीतरी वाटत असेल. नसेलही.

लढाईचे फासे टेबलावर ठेवलेत त्यांच्यासाठी. किती वेळ उभे राहणार. हाक मारते.