मेमरी संपली की आधी कोणाला मारायचं

तांपेरे, गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी अंगणातला बर्फ झाडला. दुपारी ऐलाचा संगणक अडला, मग सुटला. बाकी दिवस रिकामा.

ती. हिल्काताईस तौनोचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आराम पडला असेल. माझी प्रकृती बरी आहे, म्हणजे विचारणाऱ्यांना मी तसं सांगतो.

माझी बायको आयुष्यभर काय काम करायची, हे आपल्याकडे कोणालाच नीट कळलं नाही. संगणकाच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. मेमरी पार भरली की तो एखादा चालू प्रोग्रॅम मारून बाकीचे जगवतो. कोणाला मारायचं, तो नियम ऐला लिहायची. (एका प्रोग्रॅमने दुसरा सुरू केला, तर दुसरा म्हणजे त्याचं पोर, असं ही मंडळी म्हणतात.) तिच्या दफनानंतरच्या कॉफीला तिचा सहकारी योर्मा पाद्रीबाईंच्या शेजारी बसून कौतुकाने सांगत होता, "आई वाचवायची तर आधी पोराला मारायचं, ही जुनी पद्धत. ऐला म्हणायची, जो जास्त जागा अडवतो त्यालाच मारा."

एल्लीमावशीने केकचा तुकडा खाली ठेवला. "कोणाचं पोर रे, मेल्या?"

"कोणाचंही, मावशी."

त्या टेबलावर मग कोणी केक घेतला नाही.

तिचा शेवटचा नियम घरच्या संगणकावर तपासणीला लावलेला होता. तपासणी पुरी झाली तरच तो कर्नेलमध्ये घेणार होते, म्हणून योर्माने बजावलं होतं, हात लावू नकोस. आज मला भिंतीवर लावायला तिचा एक फोटो हवा होता. निवड होईना, म्हणून त्याच संगणकावर सगळेच एकदम उघडले. यंत्र थिजलं. तिचं शेवटचं काम माझ्या हातून गेलं, असं समजून मी नुसता बसून राहिलो. मग पडद्यावरचे सगळे फोटो नाहीसे झाले आणि तपासणी पुढे सरकली. फोनवर योर्मा म्हणाला, "सर्वांत जास्त जागा तेच अडवत होते. तिला हवं होतं अगदी तसंच झालं बघ." मी बरं म्हणालो. (फोटो आत सुखरूप आहेत. फक्त समोरून गेले.)

तुझा भाऊ,
तौनो

ता. क. तपासणी पार पडली. नियम घेतला. आता यंत्र बंद करायला हरकत नाही, असं योर्मा म्हणतो. ऐला इस्पितळात गेल्यापासून त्याचा पंखा फिरतोय. घरात आवाज असा तेवढाच आहे. शनिवारी येऊन तूच बंद करशील का? खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी ता. क. येऊ नकोस, रस्ते निसरडे आहेत. बंद केलं. आता बटाटे सोलायला बसतो.