अकरा नंबरचा थेंब

आदरणीय एलिएसेर मामा,

भाचीचा वाकून नमस्कार आणि आशीर्वादाची मागणी. (पत्र मामीच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. तेव्हा आशीर्वादही त्यांनीच लिहून पाठवावा, पण तुमच्या तोंडून वदवून घ्यावा.) इकडे बुकारामांगात आम्ही सगळे ठीक. तुमची खुशाली कळवावी, आणि मामा, खुशाली म्हणजे "ठणठणीत आहे, मला काय धाड भरलीये" एवढंच नको, जरा तपशिलात हवी. क्रूसाची टेकडी चढताना मध्ये थांबावं लागतं का? थांबत असाल तर देखावा बघायला की दम खायला? संध्याकाळी बूट घट्ट होतात का? झोपताना उशी एक लागते की दोन? छातीत मधूनच फडफड होते का? शेळ्यांचीही खुशाली कळवा, पण त्यांची मला एवढी चिंता नाही. शेळीला काही झालं की ती लगेच ओरडते.

फोन का केला नाही म्हणाल, तर गेल्या तीन फोनांत मी "मामा" या शब्दाच्या पुढे गेलेले नाही. "बरी आहेस ना? मीही बरा आहे. ठेवतो." झालं. पत्राचं तसं नसतं, ते मध्येच ठेवून देता येत नाही. मामी ते संपेपर्यंत तुम्हाला कॉफी देणार नाहीत. (मामी, खरंच देऊ नका.)

तर आमच्या दुकानाची हकीकत. विद्यापीठाने आमच्या गटाला ठेवलेलं नाव दारावरच्या पाटीवर दोन ओळींत कसंबसं मावलंय. तुम्ही आम्हाला "बारीकसारीकाचं दुकान" म्हणता, तेच धरून चालू. दुकानाच्या मालकीण मिरेया मॅडम. त्यांचा आवाज इतका हळू, की त्या आपल्यावर रागावल्या होत्या हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं. दुसरा फाबियान. धूळ नसलेली ती खोली त्याच्या ताब्यात असते आणि तो तिच्या दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला हुंगतो. पावडर, क्रीम, केसांचं तेल, सकाळी खाल्लेली मक्याची अरेपा, त्याच्या नाकातून काही सुटत नाही, कारण एक कण जरी आत गेला तरी केसाहून बारीक नळ्या तुंबतात. तिसरी मी. आणि चौथे, मामा, तुम्ही.

हसू नका. मार्चमध्ये पाहुण्यांसाठी प्रयोगशाळा खुली होती, तेव्हाचा फोटो कुणीतरी आमच्या संकेतस्थळावर "सदस्य" या पानावर चढवलाय. तुम्ही हॅट काढणार नाही म्हणून दारात वीस मिनिटं हुज्जत घातली होती आणि शेवटी फाबियानने हात जोडून हॅटवरूनच पांढरं टोपडं ओढलं होतं, तो अवतार बरोबर मधोमध आहे. खाली नाव लिहिणाऱ्याने तुम्हाला "अतिथी संशोधक" करून टाकलं. गेल्या महिन्यात ब्राझीलच्या एका विद्यार्थ्याने तुमच्या हाताखाली काम करायची इच्छा कळवली. मी उत्तर दिलं, की सर सध्या पूर्ण वेळ शेळ्यांवर काम करत आहेत. त्याने आणखी आदराने विचारलं, कोणत्या जातीच्या.

आता मूळ मुद्दा, म्हणजे आमचं यंत्र. यंत्र कसलं, नखाएवढी काच. पितो नावाचा किडा चावून जो चागासचा आजार होतो, तो या काचेवर एका थेंबात कळावा म्हणून मी सहा वर्षं झिजतेय. पितोबद्दल मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही त्याच्याबरोबर एकाच झावळ्यांच्या छपराखाली वाढलात. रात्री येतो, गालाला चावतो, सकाळी माणूस गाल खाजवतो आणि कामाला जातो. आजार मात्र आत गप्प बसून राहतो, वीस वर्षं, तीस वर्षं, आणि कधीकधी मग हृदयावर उठतो. तोवर माणूस लोकांना सांगत हिंडतो की आपण आयुष्यात डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही. वेळेत कळलं तर औषध आहे, हृदयावर लक्ष ठेवता येतं, माणूस पुढे कितीतरी वर्षं भाच्यांना छळू शकतो. पण आधी कळायला हवं. आमच्या काचेवर थेंब टाकला आणि आजार असला, की एक तांबडी रेघ उमटते. ती रेघ सोन्याच्या कणांची असते. (हो मामी, सोन्याचीच. फार बारीक केलं की सोनं तांबडं दिसतं. आजीच्या कर्णफुलांना आम्ही हात लावलेला नाही.)

ऑगस्टमध्ये राजधानीहून परीक्षक यायचे होते. त्यांची अट अशी, की चाळीस धडधाकट माणसांचे चाळीस थेंब तपासा, एकावरही रेघ दिसता कामा नये. जमलं तर यंत्र गावोगाव जाणार आणि मी डॉक्टर होणार. (इंजेक्शन देणारी नव्हे, दुसरी.) नाही जमलं तर सहा वर्षं पाण्यात. हे चाळीस थेंब आम्ही त्या मार्चच्या दिवशीच गोळा केले. "धडधाकट कोण आहे?" असं विचारल्यावर बाही वर करून रांगेत घुसलेले तुम्ही सगळ्यांनाच आठवताय.

एकोणचाळीस थेंब गुणी निघाले. अकरा नंबरने रेघ ओढली. पुसट नाही, चांगली ठसठशीत. पुन्हा तपासला, पुन्हा रेघ. तिसऱ्यांदा तपासला, तर मला वाटलं रेघ जरा जास्तच ताठ आहे.

मग आमच्या दुकानात जे महाभारत झालं ते काय सांगू. फाबियान म्हणाला यामिलेचे हात खराब. मी म्हणाले फाबियानच्या काचा खराब. तो माझा हात हुंगून म्हणाला, "कसला तरी वास येतोय." मी म्हणाले, "हाताचा येतोय." त्याने पंप बदलला, मी पाणी बदललं. एक आठवडा आम्ही खालून जाणाऱ्या बसला दोष दिला, कारण ती गेली की टेबल हादरतं. (बस गेली, टेबल हादरलं, रेघ तिथेच.) त्याने सगळ्या काचा नव्याने घडवल्या, त्यात दोन आठवडे गेले. अकरा नंबर जागचा हलला नाही.

आणि मग सापडल्या मुंग्या. तुम्ही मार्चमध्ये कौतुकाने खायला आणलेली भाजलेल्या मुंग्यांची बरणी मी घाईत जिथे ठेवली, त्याच फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात रक्ताच्या नळ्या होत्या. फाबियानने बरणी दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि जाहीर केलं की गुन्हेगार सापडला, मुंग्यांची चरबी ठिबकून अकरा नंबरमध्ये पडली. आता ही भानगड सिद्ध किंवा खोटी करायला हवी, कारण शेवटी आम्ही शास्त्रज्ञ. म्हणून मामा, या विद्यापीठात पहिल्यांदाच आपल्या सान्तान्देर प्रांताची मुंगी खलबत्त्यात कुटून, तीन वेगवेगळ्या प्रमाणांत पाण्यात कालवून, बारा नव्याकोऱ्या काचांवर तपासली गेली. वहीत नोंद आहे: "मुंगी, भाजलेली, रेघ नाही." मिरेया मॅडमनी ती नोंद वाचली आणि अगदी हळू विचारलं, की आता मीठ तपासायचं राहिलंय का. उरलेल्या मुंग्या फाबियानने पुरावा म्हणून जपून ठेवल्या आणि चारच्या कॉफीबरोबर खाल्ल्या.

हळूहळू अकरा नंबर हा थेंब राहिला नाही, माणूस झाला. सकाळी आल्यावर आम्ही "अकरा काय म्हणतोय?" असं विचारायचो. फाबियान म्हणायचा, "हा इसम एकदा भेटू दे, कॉलर धरतो त्याची." मीही मागे राहिले नाही. मी त्याला हटवादी म्हणाले, आडमुठा म्हणाले, एकदा तर म्हातारा खोडसाळ म्हणाले. त्याबद्दल मामा, मी तुमची माफी मागते. (कुणा परक्याला शिव्या दिल्या तर माफी यांची कशाला, असं मामी विचारतील. असू द्या, मोठ्यांची माफी मागितलेली वाया जात नाही.)

एका दुपारी फाबियान माझ्या शेजारी येऊन बसला आणि सरळ म्हणाला, "नळी फुटली म्हणून लिहू. नळ्या फुटतातच. एक्केचाळिसावा कुणीतरी आणू, तू पास, मी पास." मामा, तुमच्यापासून काय लपवू, मी दुपारभर विचार केला. नळी हातातही घेतली. पण खाली टाकता येईना. का ते तेव्हा मला नीट कळलं होतं की नाही, देव जाणे. शेवटी ती घेऊन मी मॅडमकडे गेले. त्यांनी नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काच खरं बोलत असेल तर?"

हा विचार आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. आम्ही मुंगीवर संशय घेतला, बसवर घेतला, एकमेकांवर तर रोजच घेतला, पण माणूस धडधाकट नसेल अशी शंका आली नाही, कारण तो स्वतःच तसं म्हणाला होता.

मॅडमनी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. नऊ दिवसांनी उत्तर आलं. दोन वेगळ्या तपासण्या, दोन्हींत चागास. आमची काच पहिल्या दिवसापासून बरोबर होती. फाबियानने मला उचललं, मॅडम चक्क ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलल्या, कुणीतरी केक आणला. परीक्षकांना कळवलं, ते म्हणाले हे तर आणखी उत्तम. मी केकची बशी घेऊन जिन्यात गेले आणि पायरीवर बसून रडले. सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतेय. मी वाटू दिलं.

आता अडचण ऐका. कुठला नंबर कुणाचा ही यादी एडिल्माबाईंच्या कपाटात कुलपात असते. या बाई नीती समितीच्या सचिव, आणि देवाच्या दारी फॉर्म भरून घेतात की नाही याची खात्री केल्याशिवाय त्या मरणार नाहीत. त्यांनी अकरा नंबरचा कागद काढला, वाचला आणि मिटला. कागदावर दोन चौकटी असतात: "काही आढळल्यास मला कळवा" आणि "कळवू नका." या गृहस्थाने "कळवू नका"वर खूण केलीय. नुसती खूण नाही, तर बाजूला लिहिलंय, "मला काहीही झालेलं नाही."

मी बाईंशी भांडले. म्हणाले, "अहो, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे." त्या म्हणाल्या, "ते मला समजतंय गं पोरी. पण त्याने लिहून दिलंय. त्याच्या सहीला मान द्यायचा की नाही?" मी म्हणाले, "त्याने न वाचता खूण केली असेल." त्या म्हणाल्या, "तेवढं वाचता आलं म्हणून तर बाजूला लिहिलं." पण बाई मनाने कठोर नाहीत. त्यांनीच समिती बसवली आणि समितीने तोड काढली, की ज्यांनी ज्यांनी "कळवू नका"वर खूण केली त्या सगळ्यांना नवा फॉर्म पाठवून पुन्हा एकदा विचारावं. सगळ्यांना, म्हणजे कुणालाच आपल्यावर रोख आहे असं वाटणार नाही. पुन्हा "नको" म्हणाले तर मात्र विषय संपला. तिसऱ्यांदा विचारायचं नाही.

तुम्ही गावात भावाभावांची भांडणं मिटवता, तेव्हा तुम्हीच सल्ला द्या. असा माणूस असला, आयुष्यभर सगळ्यांच्या उपयोगी पडलेला, पण स्वतःचं कुणी काही करायला गेलं की उठून शेळ्यांकडे जाणारा, तर त्याच्या भाचीने, म्हणजे त्याच्या घरच्यांनी, त्याला कसं समजवावं? विचार करून कळवा.

मामींना माझा नमस्कार. पाऊस वाढलाय, दोघंही जपा.

तुमची,
यामिले

ता. क. मुंग्यांची आणखी एक बरणी पाठवता आली तर बरं. फाबियान म्हणतो की प्रयोग पुन्हा करून बघायला हवा.

ता. क. दुसरा. सोबत एक फॉर्म आहे. तो "कळवू नका" म्हणणाऱ्या सगळ्यांना गेलाय, म्हणून तुम्हालाही. घाबरायचं कारण नाही, निव्वळ कागदोपत्री सोपस्कार.

ता. क. तिसरा. मामी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका. कागद मामांच्या हातात द्या, त्यांचा चष्मा शोधून द्या आणि पाच मिनिटं अंगणात जा. तुम्ही काही विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

मामा, मी तुम्हाला काहीही कळवलेलं नाही. तसा नियम आहे आणि मी तो मोडलेला नाही. यादी मी पाहिलेली नाही. फक्त त्या दिवशी सगळ्यांची बोटं मी टोचली होती आणि नळ्यांवर आकडे मीच घातले होते, त्याला कुलूप लावता येत नाही. चाळीस जणांत "कळवू नका" म्हणणारे सगळे मिळून किती, तेही मी लिहिणार नाही. पण समितीचे फॉर्म पाकिटात घालायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी एकच पाकीट चिकटवलं.

पहिल्या चौकटीत खूण करा मामा. येत्या गुरुवारी पहिल्या बसने या, मी स्टँडवर असेन आणि दवाखान्यात शेवटपर्यंत तुमच्याबरोबर बसेन. बाकीचं पत्र नाही ऐकलंत तरी चालेल.