रविवारचं मोठं घर

प्रिय मोठीच्या आईस,

‘प्रिय’ लिहिलं म्हणून रागावू नकोस, दुसरं काही सुचेना. मोठीच्या हाती पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. नव्या नोकरीच्या ट्रेनिंगसाठी तुला महिनाभर बाहेरगावी जायचंय, तेवढे दिवस मुलांना माझ्याकडे ठेवून घे, म्हणतेस. वर टोमणाही हाणलायस, की एवढं मोठं घर घेतलंस आणि आम्हाला कानोकान खबर नाही! शाळेतल्या बाईंनी म्हणे तुला थांबवून सांगितलं, की बाबांचं घर एका दिवसात बघून होत नाही असं मोठीने वर्गात सांगितलं. वाचून आधी हसलो. मग कागद घेऊन हे लिहायला बसलो.

तर ऐक, रविवारी मुलं माझ्याकडे असतात तेव्हाचं आमचं घर कसं आहे ते. बैठकीची खोली म्हणजे कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की तो धाकट्याला खुर्चीत बसवून गरागरा फिरवतो आणि ‘उतर आता, नाहीतर तुझ्या बाबाचं टक्कल करीन’ म्हणून दम देतो. स्वयंपाकघर म्हणजे टपाल कचेरीच्या पायऱ्या. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं, आम्ही ऐसपैस बसून डबा खातो आणि बागेतल्या नळावर हात धुतो. पुढे दातांच्या दवाखान्यात काचेमागे मासे आहेत, ते रस्त्यावरूनच दिसतात. ती झोपायची खोली. तिथे मोठी आम्हा दोघांना कुजबुजायला लावते.

हे सगळं तिनेच ठरवलं. एकदा धाकटा भर रस्त्यात फतकल मारून बसला, घरी कधी जायचं म्हणून त्याने भोकाड पसरलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “वेड्या, घरातच तर आहोत!” अगदी तुझ्यासारखी म्हणाली. त्याला ते पटलं, तो डोळे पुसून उठला. तेव्हापासून गल्ली ओलांडली की आम्ही दुसऱ्या खोलीत जातो. मुलांच्या चपला इतक्या कशा झिजतात, असं तू मागे विचारलं होतंस ना, त्याचं कारण हे.

माझी खरी खोली या सगळ्याच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन पलंग आणि आम्ही चौघं. दोघं बेकरीत रात्रपाळी करतात आणि दिवसभर झोपतात. आम्ही दोघं दिवसा लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींना इस्त्री करतो आणि रात्री त्याच पलंगांवर आडवे होतो. उशीला पावाचा वास येतो. रविवारीही त्या बिचाऱ्यांची झोप असतेच, मग मुलांना वर कुठे नेऊ? एकदा मोठीने मान वर करून विचारलं, त्या खिडकीत कोण राहतं? मी म्हटलं, ओळखीचे आहेत.

संध्याकाळी मुलांना तुझ्या दारात सोडतो, तेव्हा तू आतूनच कडी काढतेस. मग परतताना मी त्या रस्त्याने येत नाही, लांबचा वळसा घालतो. एकदा आलो होतो, तर न्हाव्याचं दुकान बंद झालेलं, पायऱ्यांवर भलतंच कुणीतरी बसलेलं. एकट्याला ते घर खायला उठतं गं.

आता तुझ्या चिठ्ठीचं उत्तर. महिनाभर मुलं माझ्याकडे! हो म्हणायला मी एका पायावर तयार आहे, पण ठेवू कुठे? म्हणून विचारतो, तू नसशील तेव्हा मीच तुमच्याकडे राहायला येऊ का? बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पडेन. तुझ्या कपाटाला हात लावणार नाही. शेजारच्या काकूंना हवं तर लक्ष ठेवायला सांग, आणि तू येशील त्या दिवशी सकाळीच मी निघून जाईन. डबे, शाळा, वेण्या, सगळं जमवीन. वेण्या वाकड्या येतील. पण खरं सांगू? मला मुलांना झोपलेलं बघायचंय. धाकट्याला मी पाळण्यात झोपलेला पाहिला, तो शेवटचा. रविवारी दमला की तो झोपतो, पण माझ्या पाठीवर, आणि पाठीवरच्या पोराचं तोंड काही आपल्याला दिसत नाही.

मुलांचा बाबा,
आणि तू खोडलं नाहीस तर,
तुझाच