बाबांना मारणारा सिनेमा

मंगळवार, फेल्डहोवन

डोकं अजून तापलेलंच आहे. बाबा अडुसष्टाव्या वर्षी इथे नेदरलँड्समध्ये सायकल शिकले, त्यावर मी नऊ मिनिटांची फिल्म केली. आज हॉलिवूडच्या स्टुडिओतला माणूस व्हिडिओ कॉलवर म्हणाला, यावर मोठा सिनेमा काढू, पण म्हातारा पहिल्या अर्ध्या तासात मेला पाहिजे. म्हातारा म्हणे! निखिल शेजारून खुणावत होता, "हो म्हण." नवरा आहे की त्यांचा एजंट?

बाबांनी विचारलं, "काय म्हणाला गं?"

"सिनेमात तुम्हाला मारायचंय."

"मारू दे की. तुझं नाव होईल."

मी लगेच नकार लिहून पाठवला. निखिल जेवायलाही आला नाही. चुकलं का माझं? असेल. पण बाबा इतक्या सहज मरायला तयार झाले, त्याचाच सगळ्यात जास्त राग आलाय.