सानवीचं दही

सौ. द्वारकेस,
पर्थच्या समुद्राकाठून खुशाली. फोनवर सानवी शेजारीच बसते, म्हणून हे पत्र.

आम्ही मजेत आहोत. आपल्या अनुपमने मला स्वेटर घेतला. तुझा गुडघा कसा आहे?

नातीची काळजी करू नकोस. तुला दिलेला शब्द ती पाळते. लाट लहान असेल तरच ती लाटांवर स्वार व्हायची फळी घेऊन समुद्रात जाते. इथली लाट पाण्याखालच्या खडकावर फुटते आणि भारी लहरी आहे. शाळेत सागराच्या इतक्या कविता पाठ केल्या, पण एकीतही हा खडक नव्हता. आपल्याकडे माथेरानवर ढग टेकला की पाऊस ठरलेला. इथे सगळं फोनमध्ये बघतात. सानवीच मला अंदाज वाचून दाखवते, "आजोबा, उद्या लाट गुडघ्याएवढीच."

ती परीक्षेला निघाली की तू तिच्या हातावर दही-साखर ठेवायचीस ना? इथे समुद्रावर जाताना एरवी ती तशीच पळते. गेल्या महिन्यात मात्र दोनदा म्हणाली, "आजोबा, दही द्या ना." दोन्ही दिवशी अंदाज गुडघ्याएवढाच होता आणि दोन्ही दिवशी पाय सोलवटून आली. विचारलं तर म्हणते, "पायरीवरून घसरले." या घराला पायरीच नाही गं.

आत्ताच उद्याचा अंदाज सांगितला, "समुद्र झोपलेला आहे, आजोबा." आणि उठून दुधाला विरजण लावलं.

सकाळी तिच्या हातावर दही ठेवीन आणि मागोमाग किनाऱ्यावर जाऊन बसेन.

पत्र पोचेपर्यंत उद्या सरलेला असेल. तरी तू देवापुढे रोज थोडं दही ठेवत जा. काळजीसारखं काही नाही.

तुझाच,
दत्तात्रेय