चाळीस मीटर तारेचे दुसरे टोक

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, काम श्रवणयंत्रे दुरुस्त करण्याचे, राहणार तिसरा मजला, डावीकडचे दार, हा कागद स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आई दर पाच मिनिटांनी दारातून "चहा निवला" असे सांगते, तो दबाव धरू नये. डोके ठिकाणावर आहे हे तपासण्यासाठी मी सकाळी शंभरातून सात-सात वजा करत दोनपर्यंत आले. अठ्ठावन्नपाशी किंचित अडखळले, तेही नोंदवते.

कागद करण्याचे कारण: आज मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून माझ्या हॅम रेडिओसाठी ऐंशी मीटर बँडची अँटेना बांधणार आहे. छपरावर चढण्याआधी मृत्युपत्र करायचे, ही आमच्या घरची रीत आहे. आजोबा शिडीवरून पडले तेव्हा त्यांचा फक्त घोटा मोडला होता. पण ते अंथरुणात असताना त्यांचा मल्टिमीटर कोणाला जाणार यावरून घरात अशी जुंपली, की त्यांनी तिथूनच नियम काढला: आधी कागद, मग शिडी. माणूस धड खाली आला की कागद फाडायचा. बाबांनी आजवर अकरा मृत्युपत्रे केली आणि दहा फाडली.

अकरावे सहा वर्षांपूर्वीचे. त्यात त्यांनी आजोबांचा रेडिओ रिसीव्हर सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, न देता लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या मित्राच्या नावे लिहिला. वीस मिनिटांत बाबा खाली उतरले. कागद फाडायचे विसरले, आणि संध्याकाळी आत्याच्या रेडिओसाठी फ्यूज पाठवताना तो नेमका त्याच कागदात गुंडाळला. आत्याने फ्यूज बसवला, कागद वाचला, आणि त्या दिवसापासून बाबांशी बोललेली नाही. ती समोरच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. मधे फक्त गल्ली आहे.

अडचण अशी की या अँटेनेला चाळीस मीटर तार लागते, वीस या बाजूला, वीस त्या बाजूला. आमची गच्ची तेरा मीटर. एक बाजू मागच्या भिंतीवरून खाली सोडता येते. दुसरी आत्याच्या कठड्याला बांधल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे ती हो म्हणाली तर अँटेना आहे, नाहीतर टाकीवर नुसता बांबू आहे.

कलम १. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती माझ्या लग्नासाठी राखून ठेवू नये, कारण हा कागद अमलात आला तर लग्नाचा प्रश्न निकालात निघालेला असेल.

कलम २. आईचा भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट हरवलेला नाही. त्याचे मी तीन इन्सुलेटर केले. तीन आठवडे तिचा संशय बाबांवर होता आणि मी ताटात बघून जेवत राहिले. उरलेला तुकडा कपाटामागे आहे. त्यावर कोथिंबीर मावेल.

कलम ३. सोल्डरिंग आयर्न, पक्कड, मल्टिमीटर बाबांना. पक्कड मुळात त्यांचीच आहे. मी ती बारा वर्षांपूर्वी फक्त आजच्यापुरती म्हणून घेतली होती.

कलम ४. दुसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटांना माझी माफी. आमच्या अँटेनेच्या लहरींनी त्यांचा गुडघा दुखतो, अशी त्यांची तक्रार आहे. अँटेना अजून उभी नाही हे मी त्यांना दोनदा सांगितले. ते म्हणाले, "म्हणूनच सध्या कमी दुखतो." माफी दिली आहे, गुडघ्याची जबाबदारी घेतलेली नाही.

कलम ५. शेजारच्या वकीलबाईंना छत्री. जिन्यातल्या बाकी सगळ्यांना माझ्या कुंड्यांपैकी एकेक. कोणी राहिले असे वाटू नये म्हणून मी यादी दोनदा तपासली.

कलम ६. आजोबांचा रिसीव्हर, जो भांडणानंतर बाबांनी कोणाचेच न ऐकता माझ्या टेबलावर आणून ठेवला, तो आत्याला. ती तार ऑफिसात तीस वर्षे होती. अक्षरांआधी मी तिच्याकडून ताटावर चमचा वाजवून मोर्सची कट्ट-कडकट्ट शिकले. माझी पहिली शाळा तीच, आणि ठिपकी हे नावही तिनेच ठेवलेले.

इथे सह्या व्हायच्या होत्या. वकीलबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"साक्षीदार कोण?"

"जिन्यातलं कोणीही."

"ज्याला यातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, बाई. तू तर आख्ख्या जिन्याला वाटून टाकलंस."

"एजंटकाकांना फक्त माफी आहे. माफी ही मालमत्ता होते का?"

त्या चष्मा परत चढवत म्हणाल्या, "मला छत्री नको. एक सही माझी. दुसरी तू शोध."

म्हणून कलम ५ मधली छत्री रद्द. एजंटकाका माफी सोडायला तयार झाले नाहीत. कुंडीवरचा हक्कही कोणी सोडेना. दोघांनी तर आजच नेल्या. मी कठड्याशी जाऊन आत्याला हाक मारली आणि सगळा प्रकार सांगितला.

"काय लिहिलंयस माझ्यासाठी?" तिने तिकडून विचारले.

"रिसीव्हर."

माझ्यामागे बाबा शिडी धरून उभे होते, उगाच पायऱ्या मोजल्यासारखे करत.

"आणि सही केली तर?"

"तर रिसीव्हर मिळणार नाही. सही नसेल तर कागद नाही, आणि कागद नसेल तर मी चढणार नाही."

"ठिपके, तू टाकीवर चढतेयस की फासावर?"

"टाकीवर, आत्या. आठ फूट."

"तुझ्या वडिलांना सांग..." असे म्हणून ती थांबली. सहा वर्षे तिची सगळी वाक्ये अशीच सुरू होतात आणि मी ती पोचवते. या वेळी पुढचे आले नाही. ती आत गेली. दार लावल्याचा आवाज आला, मग खाली गल्लीत तिच्या चपलांचा, मग आमच्या जिन्यात.

कलम ७. वरील कारणाने कलम ६ रद्द. रिसीव्हर कोणाला, ही जागा कोरी सोडत आहे. कोरी जागा सोडणे बरोबर नाही हे मला माहीत आहे.

हे सगळे मी वाचून, समजून, सांगितल्या ठिकाणी सही केली.

ठिकाण: गच्चीच्या दारातली पायरी. १९ तारीख, रविवार, सकाळचे सव्वानऊ.

सही: ठिपकी

साक्षीदार पहिली: वकीलबाई, तिसरा मजला, उजवीकडचे दार. माझ्यासमक्ष सही झाली. छत्री घेतलेली नाही.

साक्षीदार दुसरी: कागद करणारीची आत्या, तार ऑफिसातून निवृत्त. कागद वाचला. फार लांब आहे, तारेने पाठवला असता तर शब्दागणिक पैसे भरताना घर विकावं लागलं असतं. मुलीचं डोकं आमच्या घराण्याच्या मानाने ठिकाणावर आहे. रिसीव्हर मला नको. तारेचं टोक माझ्या कठड्याला मी बांधीन, गाठ मला येते. शिडी तिच्या बापाने दोन्ही हातांनी धरावी. हे त्याला मी स्वतः सांगितलं आहे.