चकचकीत बाटल्या

प्रिय ठमे,

फॉस्फेट कोळशातून सुटत नव्हतं, बाटल्यांतून येत होतं. पाणीपुरवठ्याच्या तपासनीस बाईंनी आज दुपारी स्वतः तपासून तसं सांगितलं. तू घरी ठेवून गेलेल्या, पाण्याचे नमुने घ्यायच्या रिकाम्या बाटल्यांपैकी दोन मी त्यांच्याकडे नेल्या होत्या. त्यांनी आत नुसतं शुद्ध पाणी घालून हलवलं, फॉस्फेट असलं तरच निळं होणारं औषध टाकलं, तरी पाणी निळं झालं. "आजोबा, कशाने धुतल्यात या?" बाईंनी विचारलं. साबणाने, एवढंच म्हणालो.

हॉटेलातून निवृत्त होताना मी भांड्यांच्या यंत्राची पावडर डबाभर आणली होती. लोक घड्याळ घेऊन येतात, आमचे बाबा साबण घेऊन आले, असं तू सगळ्यांना सांगत फिरायचीस. पण ग्लासावर एक डाग राहू द्यायचा नाही, यातच माझी हयात गेली गं. तुझ्या बाटल्या ओट्यावर उपड्या दिसल्या, धुरकट, ओघळांच्या. पोर दिवसभर तळ्यावर राबते, आपला तेवढाच हातभार, म्हणून त्याच पावडरीने कढत पाण्यात घासल्या. पुसून रांगेत लावल्या तेव्हा केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू. त्या पावडरीत फॉस्फेट असतं, हे आज घरी येऊन डब्यावर वाचलं. तळ्यात येणाऱ्या पाण्याच्या बाटल्या तुझ्या गाडीत होत्या, त्या वाचल्या. माझ्या तावडीत सापडल्या त्या कोळशातून गाळून निघालेल्या पाण्याच्या.

म्हणून सगळं उलटं दिसलं. दाणे काढलेली कणसं मॅग्नेशियमच्या पाण्यात भिजवून भाजायची, तो कोळसा फॉस्फेट धरून ठेवणार, तळ्यातलं शेवाळ उपाशी मरणार आणि भरलेला कोळसा रोपवाटिकेत खत म्हणून जाणार. जेवताना इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आणि तुझ्या तक्त्यात मात्र गाळलेलं पाणी न गाळलेल्याहून वाईट. तू खापर फोडलंस भट्टीवाल्यावर. कोळसा कच्चा भाजला, म्हणालीस. तो आपल्या टेबलाशी उभा राहून सांगत होता, "ताई, कच्चा असता तर मीच पोतं उचलू दिलं नसतं." तू म्हणालीस, उद्यापासून भट्टी बंद, आणि सोमवारी तळ्याच्या समितीपुढे कोळसा मागे घेते. तो चहा तसाच ठेवून गेला. मी त्याचा कप विसळला.

तू परगावी गेल्यापासून रोज फोन करतेस आणि रोज मी तुला हवामान सांगतो. फोनवर हे जमणार नाही, तू लगेच "जाऊ दे बाबा" म्हणशील, म्हणून लिहितोय. त्या संध्याकाळी भट्टीवाल्याच्या देखतच तू मला विचारलं होतंस, बाबा, बाटल्यांना साबण नाही ना लागला? मी नाही म्हणून मान हलवली. साबणाने काय बिघडतं ते ठाऊक नव्हतं, पण तुझा आवाज ऐकून एवढं कळलं की हे आपल्या अंगावर शेकणार. साऱ्या जन्मात पोऱ्यांना फुटलेला ग्लास लपवू नका म्हणून दटावलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा दुसऱ्याची भाकरी जाताना गप्प बसलो. समितीपुढे तू "प्रयोगशाळेतली चूक" म्हणून मला झाकशील, तुला ओळखतो मी. तसं करू नकोस. माझ्या बापाने बाटल्या धुतल्या आणि खोटं बोलला, असंच सांग. उद्या सकाळी तपासनीस बाई कोऱ्या बाटल्या घेऊन तळ्यावर येणार आहेत. त्याआधी मी भट्टीवर जाईन. सोमवारच्या आत निकाल हातात येईल आणि कोळसा निर्दोष निघेल, असं बाईंना वाटतं. भट्टीवाला माझ्यासाठी दार उघडेल की नाही, ते मात्र त्यांना विचारता आलं नाही.

तुझाच,
बाबा